कोळदरचा बाजार फाट्यावर गेला तो बुधवार

तीस वर्षं देवरुखच्या शाळेत मी भूगोल शिकवला. 'मानवी वस्ती' हा धडा दरवर्षी यायचा. विखुरलेली वस्ती, रेषाकृती वस्ती, केंद्रित वस्ती. पहिले दोन प्रकार मुलांना खिडकीतूनच दाखवता यायचे, कारण आमच्या कोकणात घरं एकमेकांना हाक मारता येईल इतक्या अंतरावर असतात आणि मध्ये प्रत्येकाचं कुंपण असतं. तिसरा मात्र मी फळ्यावर चौकोन काढून शिकवला. भिंतीला भिंत लावून शेकडो घरं एका जागी का बसतात, आणि त्यांच्यातलं एखादं गाव शहर का होतं, हे मी सांगत होते, पण त्यातलं मी फारसं काही पाहिलेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर फेब्रुवारीत नाशिककडे जायचं ठरवलं, त्याचं खरं कारण मात्र सुमन. सुमन शाळेत चार वर्षं माझ्या बाकावर होती. तिचे वडील पोस्टात होते, बदलीने आमच्याकडे आले आणि बदलीनेच नाशिककडच्या बागलाणात परत गेले. पुढे तिचं लग्न कोळदरला झालं. कोळदर नामपूरपासून जवळ, मोसम नदीच्या काठी. पत्रं, मग फोन, असं आमचं चालू राहिलं. या वेळी तिने फोनवर विचारलं, "बुधवारी असशील ना तू इथे? बुधवारी नक्की अस." का ते सांगितलं नाही.

नाशिक, रविवार

नाशिकला मावसबहिणीकडे उतरले. तिचं घर इंदिरानगरच्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर. गॅलरीतून बघितलं तर नजर पोचेल तिथवर इमारती. बहीण म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा इथे द्राक्षाचे मळे होते. आता द्राक्ष बघायला दिंडोरीला जावं लागतं."

मला मात्र शहराचं पहिलं टोक बघायचं होतं. तिने रिक्षा करून दिली आणि मी गोदाकाठी जुन्या नाशकात गेले. इथले लोक गोदावरीला सरळ गंगाच म्हणतात. नदीच्या वर मातीचा एक उंचवटा आहे, त्याला गढी म्हणतात. लांबून ती टेकडी वाटते, पण ती टेकडी नाही. माणसं एका जागी राहिली, घरं पडली, त्याच मातीवर दुसरी घरं बांधली, तीही पडली, असं शेकडो वर्षं चालून साचलेला तो ढीग आहे. जिथे कडा ढासळली आहे तिथे थर दिसतात. राखेची काळी रेघ, विटांचे तुकडे, मडक्याचा काठ, पुन्हा राख. आणि सगळ्यात वर पत्र्याची घरं, डिश अँटेना आणि वाळत घातलेले कपडे.

कडेच्या घराबाहेर शोभाताई नावाच्या एक बाई चिंच फोडत बसल्या होत्या. मी वाकून थर बघतेय म्हटल्यावर त्यांनीच हाक मारली. "जास्त पुढे नका जाऊ ताई, माती सुटते तिथली."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"पावसाळ्यात वाटते ना. झोप नाय लागत."

"मग दुसरीकडे का नाही जात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी फारच बाळबोध विचारलंय. "जायचं कुठं? यांचं काम इथलं, पोरींची शाळा इथली, भाजीबाजार पायाखाली. लांब घर घेतलं तर बसने इथंच यायचं ना रोज?"

तीस वर्षांत वर्गात मी याहून सरळ उत्तर दिलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं. ही वही पुढे मला अडचणीत आणणार होती.

कोळदर, मंगळवार

सोमवारी त्र्यंबकेश्वराचं दर्शन घेतलं. मंगळवारी देवळ्यावरून सटाणा, सटाण्याहून नामपूरच्या जीपमध्ये अकरावी प्रवासी म्हणून बसून कोळदर फाट्यावर उतरले. वाटेत दोन्ही बाजूंना कांदा, डाळिंब आणि कांदा साठवायच्या लांबलचक चाळी. चाळ म्हणजे माणसांची नव्हे. लाकडी पट्ट्यांची, खालून वारा खेळेल अशी कांद्याची घरं. आमच्याकडे आंब्यालासुद्धा इतकं ऐसपैस घर मिळत नाही.

फाट्यावर सुमन उभी होती. केस पांढरे, त्यात पीठ असल्याने अजून पांढरे. तिची दोन चक्क्यांची पिठाची गिरणी आहे. सात वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून ती एकटी चालवते. मुलगी नाशकात नोकरीला आहे. सुमन स्वतः पट्टा बदलते, झिजलेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावते. माझ्याशी बोलताना तिची भाषा क्षणात देवरुखची झाली. मागे वळून जीपवाल्याशी बोलली ती अहिराणीत. एका तोंडातून दोन गावं ऐकू आली.

फाट्यापासून गाव तीन किलोमीटर आत. रिक्षात तिने सांगितलं, "उद्यापासून बाजार फाट्यावर भरणार आहे. ग्रामपंचायतीने ठरवलंय, बघू म्हणून. इतकी वर्षं गावात भरत होता, माझ्या गिरणीच्या दारात. म्हणून तुला बुधवारी अस म्हटलं. मला एकटीला ते बघवलं नसतं."

गिरणीचं आणि बाजाराचं नातं मला तिथे गेल्यावर समजलं. आजूबाजूच्या मळ्यांतल्या, पाड्यांवरच्या बायका बुधवारी बाजाराला येतात. येताना बाजरी, ज्वारी, गहू डोक्यावर घेऊन येतात, गिरणीत ठेवतात, बाजार करतात आणि जाताना पीठ नेतात. आठवड्याचं निम्मं दळण एका दिवसात. बाकी सहा दिवस गावातली चार घरं. बाजार गेला की गिरणी गेलीच.

दुपारी जेवायला कळण्याची भाकरी होती. ज्वारीत थोडे उडीद घालून दळलेलं पीठ, सोबत तेलात परतलेली मिरची आणि शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. मी भात खाणारी बाई. दुसरी भाकरी नको म्हटलं तर शेजारची सून आश्चर्याने म्हणाली, "आजारी शेत का?" म्हणजे, आजारी आहात का.

संध्याकाळी सुमनने मला नदीपलीकडे नेलं. गाव ज्या जमिनीवर बसलेलं असतं तिला इकडे पांढर म्हणतात आणि शेताला काळी. नदीपलीकडे एक कांद्याचं शेत होतं, सगळीकडे काळं, मध्येच एकरभर राखट पांढरं. "ही जुनी पांढर," सुमन म्हणाली. "कोळदर आधी इथे होतं. पूर आला का साथ आली, कुणाला सांगता येत नाही. उठून अलीकडे आलं." वाफ्यांच्या मधून चालताना पायाखाली खापरं लागत होती. निळ्या काचेच्या बांगडीचा एक तुकडाही सापडला. मी तो उचलला, बघितला आणि परत ठेवला. कुणाचं तरी घर होतं ते, उगाच काही न्यावंसं वाटलं नाही.

मग मी बांधावर बसून वहीत जुन्या आणि नव्या कोळदरचा नकाशा काढू लागले. तिथेच घोटाळा झाला. आम्ही गावात परतेपर्यंत बातमी पोचली होती की सटाण्याहून मॅडम आल्यात आणि बाजाराच्या जागेची मोजणी करतायत. गिरणीच्या ओट्यावर दगाआबा नावाचे एक गृहस्थ टोपी नीट करून माझी वाट बघत होते.

"मॅडम, लिखी ल्या," ते म्हणाले. "बजार आठेच पाहिजे."

मी शिक्षिका आहे, तीही निवृत्त, आणि पाहुणी आहे, असं तीनदा सांगितलं. ते ऐकून ते हसले. सरकारी माणसं असंच सांगतात असा त्यांचा अनुभव असावा. शेवटी मी वहीत लिहिलं, 'बाजार इथेच पाहिजे', आणि त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा ते घरी गेले.

बुधवार

सकाळी सात वाजता सुमनने नेहमीप्रमाणे दारासमोर झाडून पाणी मारलं. गिरणी पुसली, तराजू बाहेर काढला. मग आम्ही ओट्यावर चहा घेऊन बसलो.

आठ वाजले. एक कुंभारीण चार माठ घेऊन आली. एक सुक्या मासळीवाली आली, तिच्या टोपलीतल्या बोंबलाचा वास घेऊन मला घरी आल्यासारखं वाटलं. मिरच्या विकणारी एक म्हातारी आली. बस. नऊ वाजेपर्यंत एवढीच. समोरच्या मोकळ्या पट्ट्यात एरवी पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आज तिथे दोन कुत्री निवांत झोपली होती. गिरणीत दळणाचे तीन डबे आले, तेही गल्लीतलेच.

मध्येच उठून सुमन चालू नसलेल्या गिरणीचा पट्टा तपासून यायची.

साडेनऊला चाँदचाचा आले. ते नामपूरचे मणेर, बांगड्या भरणारे. जुन्या मोपेडला मागे काचेच्या झाकणाची पेटी बांधलेली. त्यांचे वडील याच ओट्यावर बसत, त्यांच्यानंतर हे बसतात. आजूबाजूच्या दहा-बारा गावांतल्या बायकांच्या मनगटांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत, असं सुमन म्हणाली होती. त्यांना बघून तिचा चेहरा उजळला. कारण बायका बांगड्यांसाठी चाँदचाचांकडे येतात आणि बायका जिथे येतात तिथे बाजार टिकतो, हे तिला माहीत होतं.

पण चाचांनी पेटी सोडली नाही. मोपेड स्टँडवर लावून ते ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. सुमनने दिलेला चहा संपवला. कप पालथा घातला.

"ताई, मी आज फाटावर बससू," ते म्हणाले.

सुमनने पालथा कप उचलून बाजूला ठेवला.

"बाया बठ्ठ्या तठेच उतरतीस. मी आठे बसीसन काय करू?"

"मग इकडे कशाला आलात?" सुमनने विचारलं. आवाज चढलेला होता. "फाटा तर तुमच्या रस्त्यातच आहे. तीन किलोमीटर आत यायची काय गरज होती?"

चाचा उभे राहिले. "तुमले सांगाबिगर कसा जाऊ?" म्हणाले आणि मोपेडला किक मारू लागले. ती चारदा मारल्यावर लागली.

ते गेल्यावर सुमन आत गेली. तीन डबे दळून होईपर्यंत बाहेर आली नाही. मग गिरणी बंद केली, डोक्यावरचं पीठ झटकलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल. बघू तरी काय आहे तिथे."

काल उतरताना मी फाटा नीट बघितलाच नव्हता. आज बघितला. तिठ्यावर एक चहाची टपरी. शेजारी पंक्चरवाला. मग केशकर्तनालय, खतांचं दुकान, मोबाईल दुरुस्ती, पतसंस्थेची शाखा, गाळ्यात दवाखाना, मागे लग्नाचं लॉन. सगळं रस्त्याकडे तोंड करून, एका ओळीत. खिडकीतून मी मुलांना दाखवायचे ती रेषाकृती वस्ती, फक्त दुसऱ्या बाजूला वळून चौकोन व्हायला निघालेली. आणि आज मधल्या रिकाम्या जागेत बाजार. भाजीचे ढीग, कपड्यांचे तंबू, भांडी, लसूण, जिलबीची कढई, टेम्पोवरचा भोंगा. चाँदचाचा एका पत्र्याच्या सावलीत बसले होते आणि त्यांच्याभोवती बायकांचा गराडा होता. सुमनला बघून त्यांनी मान खाली घातली.

खताच्या दुकानदाराने माझी वही बघितली. लगेच खुर्ची पुढे केली, थंड पेय मागवलं. "मॅडम, लिहून घ्या," तो म्हणाला. "बाजार इथंच पाहिजे." मी कालच्याच ओळीखाली तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

सुमन टपरीसमोर उभी होती. टपरी कलाबाईंची. साठीच्या, उंच, एका हाताने दूध ढवळत दुसऱ्या हाताने गिऱ्हाईकाला बिस्किटं देणाऱ्या. फाट्यावरचं हे पहिलं दुकान. बसची वाट बघणाऱ्यांना त्या चहा द्यायच्या, चहा मिळतो म्हणून गाड्या थांबू लागल्या, गाड्या थांबतात म्हणून पंक्चरवाला आला, आणि पुढचं मला समोर दिसतच होतं. मी त्यांना विचारलं की सुरुवातीला इथे काय होतं.

"आठे काय व्हतं? एक बाभूय आन् मी."

"मग गाव सोडून इथे एवढ्या लांब का लावलीत टपरी?"

कलाबाईंनी सुमनकडे बघितलं. माझ्यासाठी म्हणून त्या सावकाश, शहरी मराठीत बोलल्या. "गावात जागा मागितली होती मी. बाजाराच्या पट्ट्यात, गिरणीसमोर, एका चुलीपुरती. मालक सोडून गेला होता, दोन लेकरं होती. हिच्या सासऱ्यांनी नाही म्हटलं. गिरणीच्या दारात चहाचा पसारा नको म्हणाले. दुसऱ्या कुणी दिली नाही. मग मी हितं आले."

टपरीवर चार-पाच माणसं होती. सुमनने बाकड्याचा काठ धरला होता.

"मी आतच होते तेव्हा," ती म्हणाली. "ऐकत होते. काही बोलले नाही."

"माले माहीत शे," कलाबाई म्हणाल्या. "दाराआड तुन्हं लुगडं दिसत व्हतं."

दूध उतू आलं. कलाबाईंनी गॅस बारीक केला, दोन कप भरले आणि आमच्या पुढे ठेवले. मी सुमनकडे बघायचं टाळलं. ती रडत होती का ते मला माहीत नाही. गिरणीवाल्यांच्या डोळ्यांत पीठ जातं, ते कायम लालच असतात.

एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. मग कलाबाईच म्हणाल्या, "हितल्या बायका दळायला नामपूरला जातात. बस चुकली तर दिवस जातो. मन्हा टपरीमांगे जागा शे. फुकट नही, भाडं लागी."

सुमनने चहा संपवला. मला वाटलं ती निघून जाईल. पण ती बाकड्यावर पाहुण्यासारखी नीट बसली, तिने टपरीच्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "थ्री फेजची लाईन आहे का?"

"शे. वेल्डिंगवालाना साठे उनी."

"जमीन कोबा केलेली आहे?"

"करी लेसूत."

दोघी मागे गेल्या. मी बाकड्यावर बसून राहिले. अर्ध्या तासाने सुमन आली तेव्हा तिच्या हातात चाँदचाचांकडच्या निळ्या बांगड्या भरलेल्या होत्या. एवढ्यात कधी भरून आली ते विचारलं नाही. परत जाताना रिक्षात ती एकदाच बोलली. "गावात अजून म्हातारी माणसं आहेत गं. त्यांचं दळण कोण करणार?"

गुरुवार

सकाळी मी निघाले. आदल्या रात्री कळण्याच्या पिठाची पिशवी सुमनने माझ्या बॅगेत कोंबली होती, ती फुटली आणि माझे सगळे कपडे पांढरे झाले. ते झटकण्यात अर्धा तास गेला.

फाट्यावर आलो तर वायरमन आधीच येऊन थांबला होता. सुमन म्हणाली, "तू बसवर लक्ष ठेव, मी आलेच." टपरीच्या मागे ती, कलाबाई आणि वायरमन मोटर कुठे बसवायची यावर वाद घालत होते. सुमनचं म्हणणं होतं की दार उत्तरेला हवं, म्हणजे पीठ टपरीवर उडणार नाही. कलाबाईंचं म्हणणं होतं की दार रस्त्याकडे हवं, नाहीतर बायकांना कळणार कसं. सटाण्याची बस आली. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा सुमनने टेप धरलेला हात वर केला आणि "पोचलीस की फोन कर!" म्हणून ओरडली. टेपचं दुसरं टोक कलाबाईंच्या हातात होतं, म्हणून ती तिथून हलू शकली नाही.

मी देवरुखला पोचून फोन केला तेव्हा तिने उचलला नाही. मग दोन-तीनदा थोडं थोडं बोलणं झालं. दोन चक्क्यांपैकी एक तिने फाट्यावर हलवली, एक कोळदरला ठेवली. सकाळी दहापर्यंत गावातलं दळण, मग रिक्षाने फाटा. दार रस्त्याकडेच झालं. दगाआबा पहिले पंधरा दिवस तिच्याशी बोलत नव्हते. मग गहू घेऊन आले.

परवा दुपारी मीच फोन लावला. मागे गिरणीचा आणि टेम्पोवरच्या भोंग्याचा एवढा आवाज होता की मला ओरडून विचारावं लागलं, "कुठे आहेस गं?"

"गावात!" ती ओरडली. "आज बुधवार ना, मान वर करायला वेळ नाही. संध्याकाळी कोळदरला गेले की बोलते तुझ्याशी."